गाळात राहिलेलं घर

आधी एक पाय रुततो. तो सोडवायला दुसऱ्यावर भार दिलात की दुसराही जातो. पावसाळ्यात काळ्या रानातून चाललेल्या माणसाला अशी माती नवी नाही. इथे रंग तेवढा निराळा, पिवळसर करडा, आणि मध्येच खडूचे पांढरे तुकडे. हिमनद्या वितळून गेल्या तेव्हा मागे राहिलेली ही चिकणमाती. तुम्ही इंग्लंडच्या पूर्वेला, सफोकमध्ये उभे आहात. साल 1290 च्या सुमाराचं, महिना मार्च. उत्तर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याने कानाच्या पाळ्या बधिर झाल्या आहेत. गावाचं नाव विचारू नका. अशा जागा या भागात इतक्या आहेत की कुठल्याही एकीत तुम्हाला उभं करता आलं असतं.

समोर दहा-बारा माणसं चर खणत आहेत. फावडी अख्खी लाकडाची, पात्याच्या कडेला तेवढी लोखंडी पट्टी. एकजण खणतो, दुसरा ढेकळं उचलून विणलेल्या पाटीत टाकतो, तिसरा पाटी खांद्यावर घेऊन आत जातो. आत म्हणजे चराने वेढलेल्या चौकोनात. माती तिथे पसरायची, तुडवायची, पुन्हा पसरायची. चर खोल होत जातो तसा मधला चौक वर येत जातो.

पाटी तुमच्याकडे आली आहे. घ्या.

दुपारपर्यंत खांदा सोलवटतो आणि मनात हिशेब सुरू होतो. मधला चौक चाळीस मीटर बाजूचा. भोवतीचा खंदक वर आठ मीटर रुंद, तळाशी चार, खोली दोन मीटर. म्हणजे दोन हजार घनमीटरांहून जास्त ओली माती. एका माणसाने दिवसाला दोन घनमीटर खणून वाहून टाकली, तरी हजारावर मनुष्यदिवस. तेही घराचा पहिला खांब उभा राहण्याआधी.

मालक कडेला उभा राहून बघतो आहे. तो उमराव नाही. झाडी तोडून शेत वाढवलेला, दोन पिढ्यांच्या गव्हाने हातात पैसा आलेला स्वतंत्र शेतकरी आहे. त्याला विचारून पाहा की शत्रू कोण. त्याला प्रश्नच कळत नाही. या खंदकाने फौज अडणार नाही हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. चोरटा अडेल, सुटलेली गुरं अडतील, रात्रीचा कोल्हा विचार करेल. पाणथळ जमिनीतलं पाणी चरात उतरेल आणि घराची जमीन कोरडी राहील. उपासाच्या दिवसांसाठी मासे होतील. पेंढ्याच्या छपराला आग लागली तर पाणी हाताशी असेल. ही सगळी कारणं खरी आहेत. पण तो ज्या नजरेने रस्त्याकडे पाहतो, त्या नजरेत आणखी एक कारण आहे. घराला कंगोऱ्यांची तटबंदी घालायची तर राजाचा परवाना लागतो. खंदकाला तो लागत नाही. पाण्यापलीकडे राहणं ही किल्लेदाराची रीत, आणि ती या शेतकऱ्याला परवडते आहे. उद्यापासून त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी त्याच्या सोयऱ्यालाही, पूल ओलांडावा लागेल.

आपल्याकडे गढीच्या बुरुजाकडे पाहून गाव जे समजून घेतं, तेच इथे पाण्याकडे पाहून समजायचं.

तिसऱ्या प्रहरी सुतार तुम्हाला हाक मारतो. पुलाची तळतुळई बसवायची आहे. ओकची ताजी तोडलेली तुळई, अजून ओली, अंगाला आंबूस उग्र वास. सहाजण मिळून ती चराच्या तळाशी उतरवता. तिच्या खाचांमध्ये पुलाचे खांब उभे राहणार. कुठला खांब कुठल्या खाचेत जायचा हे चुकू नये म्हणून सुताराने प्रत्येक सांध्याशी पटाशीने रेघा मारल्या आहेत: एक, दोन, तीन. तुमचा तळवा तिसऱ्या खुणेवर पडतो. रेघांच्या कडा अजून धारदार आहेत. मग तुळई चिखलात बसते आणि खालून पाणी पाझरून तिच्यावर येतं. ही खूण लक्षात ठेवा.

घर पुरं झालं की एकदा आत जाऊन या. ओकचे खांब, मध्ये फांद्या विणून त्यावर माती लिंपलेला कूड. ती मातीही याच चरातली. मधल्या मोठ्या दालनात जमिनीवरच चूल पेटते आणि धूर छपरातून वाट काढतो. शौचकूप खंदकावर काढलेला आहे आणि जे पडतं ते पाण्यात पडतं. उन्हाळ्यात या वैभवाला काय वास येतो हे कुठल्याही चित्रात दिसत नाही. पण आठ मीटरांपलीकडून, रस्त्यावरून पाहणाऱ्याला पाण्यात उलटं पडलेलं घर दिसतं, आणि घर दुप्पट उंच वाटतं.

1250 ते 1350 या शंभर वर्षांत इंग्लंडमध्ये अशी घरं सर्वांत जास्त झाली. आज त्यांच्या सुमारे 6,000 जागा माहीत आहेत. बहुतेक पूर्वेच्या आणि मध्य भागाच्या चिकण मातीत, कारण तिथे खणलेल्या चरात पाणी टिकतं. मग 1315 ला पाऊस लागला तो थांबेना, पिकं कुजली, दोन-तीन वर्षं लोक उपाशी मरत राहिले. 1348 ला प्लेग उतरला. खणायला माणसं उरली नाहीत आणि जी उरली त्यांची मजुरी वाढली. नवे खंदक कमी होत गेले.

पण हौस संपली नाही. ती वर सरकली.

1445 च्या सुमारास लिंकनशरमध्ये, टॅटरशलला चला. सफोकपासून वायव्येला, सपाट मैदान, आणि त्या मैदानात मैलोन्‌मैल आधीपासून दिसणारा लाल विटांचा मनोरा. त्याच्याभोवती एक सोडून दोन खंदक, आतला आणि बाहेरचा. हे घर राल्फ क्रॉमवेलचं. तो इंग्लंडचा खजिनदार होता, 1433 ते 1443. या मुलखात बांधकाम दगडाचं करायची रीत असताना त्याने विटा निवडल्या. बांधकामाच्या हिशेबात बाल्डविन नावाच्या वीटवाल्याची नोंद आहे. भट्ट्यांवर लाखो विटा भाजल्या गेल्या.

दुसरा पूल ओलांडून मनोऱ्यापाशी या आणि वर बघा. माथ्याशी कंगोरे, खाली दगड-तेल टाकायला ठेवावीत तशी भोकं, सगळा थाट लढाईचा. आता नजर खाली आणा. जमिनीलगतच्या मजल्यालाही मोठाल्या खिडक्या आहेत. ज्याला वेढ्याची भीती आहे तो माणूस अशा खिडक्या ठेवत नाही. चक्री जिन्याने चढताना हात आपोआप भिंतीकडे जातो आणि तिथे दगडातच कोरून काढलेला कठडा बोटांत बसतो. वर एकावर एक दालनं आहेत आणि प्रत्येक वरचं दालन खालच्यापेक्षा खाजगी. किती मजले चढायची परवानगी मिळाली यावर पाहुण्याची किंमत ठरते. प्रत्येक मोठ्या दालनात कोरीव दगडी फायरप्लेस आहे, माणूस उभा राहील एवढी. तिच्यावर खजिनदाराची पैशाची थैली कोरली आहे, पुन्हा पुन्हा. शिवाय ग्रॉमवेल नावाची एक रानवनस्पती, कारण ती क्रॉमवेलशी यमक जुळवते. शेकायला बसलेल्या माणसाने घर कुणाचं आहे हे क्षणभरही विसरू नये. सफोकच्या शेतकऱ्याने पाण्यातून सांगितलं तेच हा दगडातून सांगतो आहे.

क्रॉमवेल 1456 ला निपुत्रिक गेला. पुढच्या साडेचारशे वर्षांचं फारसं सांगण्यासारखं नाही. घर या हातातून त्या हातात गेलं, मग ओस पडलं. खंदक बुजत गेले. मनोऱ्यात गुरं बांधली जाऊ लागली.

आता 1911 मध्ये त्याच दालनात उभे राहा. मजल्यांच्या जमिनी गेलेल्या, खिडक्यांतून वारा आरपार. आणि जिथे थैल्या कोरलेली फायरप्लेस होती तिथे भिंतीला भगदाड आहे. कडांना विटा तुटलेल्या, लाल भुकटी खाली सांडलेली. चारही फायरप्लेस उचकटून काढल्या आहेत. त्या पेट्यांत भरून लंडनला गेल्या आहेत आणि तिथून अमेरिकेत कुणा धनिकाच्या घरात लागायच्या आहेत. यात बेकायदा काहीही नाही. स्मारकांचा एक कायदा 1882 पासून होता, पण तो मालकाच्या मर्जीवर चालायचा. मालकाने आपणहून संरक्षण मागितलं तर मिळायचं. नाही मागितलं, तर घर त्याचं आणि घण त्याचा.

पायऱ्यांवर पावलं वाजतात. येणारा माणूस ताठ चालतो. पाठीच्या दुखण्यासाठी तो कपड्यांखाली पट्टा बांधतो. त्याला ओळखलंत की तुम्ही दचकाल. हा जॉर्ज नॅथॅनियल कर्झन.

तोच. 16 ऑक्टोबर 1905 ला ज्याची बंगालची फाळणी अमलात आली, ज्याच्याविरुद्ध टिळकांनी केसरीतून रान उठवलं, तो व्हाइसरॉय. मराठी घरात हे नाव चांगल्या अर्थाने घेतलेलं तुम्ही ऐकलं नसेल, आणि त्याला कारणं आहेत. ती मागे घ्यावीत असं मला मुळीच वाटत नाही. पण त्याच माणसाने हिंदुस्थानात 1902 ला जॉन मार्शलला पुरातत्त्व खात्याचा प्रमुख नेमलं, अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीत बसलेली सरकारी कचेरी हलवायला लावली, आणि 1904 चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा केला. वेरूळला किंवा एखाद्या किल्ल्याच्या दरवाजात पुरातत्त्व खात्याचा निळा फलक दिसतो, त्याच्यामागच्या आजच्या कायद्याचं मूळ तिथे आहे.

त्या 1904 च्या कायद्यात सरकारला एक अधिकार होता. मालक ऐकत नसेल तर स्मारक सक्तीने ताब्यात घेता येत असे. हिंदुस्थानी मालकाला जी सक्ती करता येत होती ती इंग्रज मालकाला करायची कल्पनाही तेव्हा विलायतेत रुचत नव्हती. जमीन हा तिथे देव होता. 1911 च्या त्या भगदाडासमोर कर्झनला हा फरक दिसला असणार. आपण राज्य केलेल्या देशात जे वाचवता आलं ते स्वतःच्या देशात वाचवायला कायदाच नाही. मग त्याने जे करता येत होतं ते केलं, म्हणजे वाडाच विकत घेतला. फायरप्लेसचा माग काढून त्याही विकत घेतल्या.

1912 मध्ये त्या परत आल्या तो दिवस बघाच. पेट्या लादलेल्या गाड्या गावातून मिरवणुकीने येताहेत, झेंडे लागले आहेत, माणसं दारांत उभी आहेत. यांतल्या बहुतेकांचे पूर्वज त्या दालनांत कधी शेकायला बसले नसतील. पण वाड्यातले दगड गावात परत येतात याचा आनंद त्यांच्या तोंडावर आहे, आणि तो उधार घेतलेला नाही. पुढची दोन वर्षं विल्यम वेअर या वास्तुविशारदाने काम केलं. जमिनी घातल्या, खिडक्यांना काचा आल्या. आणि खंदक पुन्हा खणून काढले, पाणी पुन्हा भरलं. मला त्या कामातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. नुसता मनोरा उभा करून थांबता आलं असतं. पण पाण्याशिवाय ते घर अर्धं होतं.

कर्झन उमराव सभेत या विषयावर बोलला आणि 1913 ला नवा कायदा झाला. आता राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांची यादी व्हायची होती. यादीतल्या जागेला हात लावण्याआधी मालकाने महिनाभर आधी कळवायचं होतं, आणि वेळ आली तर सरकारला संरक्षणाचा हुकूम काढता येणार होता. 1917 ला कर्झनने ससेक्समधला बोडियमचा किल्लाही घेतला, तोही चारी बाजूंनी पाण्यात उभा. 1925 ला तो गेला तेव्हा मृत्युपत्रातून दोन्ही जागा नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आल्या.

आता परत सफोकला यायला हवं. टॅटरशलला वाचवायला लॉर्ड आला. त्या शेतकऱ्याच्या चौकोनाकडे कोण येणार होतं?

साल 1965 च्या आसपासचं. घर केव्हाच गेलं आहे. आता तिथे गवताचा थोडा उंच चौक आहे आणि भोवती चर, तीन बाजूंना अजून गुडघाभर पाणी, हिरवं शेवाळ, काठाला विलोची झाडं. सरकारी सर्वेक्षणाच्या नकाशावर जुन्या वळणाच्या काळ्या अक्षरांत एकच शब्द छापला आहे: मोट. खंदक. पुरातन जागांसाठी तो नकाशा हीच लिपी वापरतो. महायुद्धात उपासमारीच्या भीतीने हादरलेला हा देश आता एकेक एकर नांगराखाली आणू पाहतो. पाण्याचा निचरा करायला, शेतं मोठी करायला अनुदान मिळतं. बुलडोझर आला आहे. तो काठाची माती चरात लोटतो. हजार मनुष्यदिवसांचं काम जेवणाच्या सुट्टीपर्यंत एका बाजूने नाहीसं होतं.

चालकावर रागावू नका. त्याला तिथे काहीच दिसत नाही, कारण दिसण्यासारखं काही नाही. भिंत नाही, कमान नाही, कोरीव थैली नाही. ज्यावर नजर ठरेल अशी वस्तू जागेत नसली की माणसं तिला मोकळी जागा म्हणतात. आपल्याकडे गढीची पांढरी माती चांगली म्हणून शेतात आणि घरांच्या धाब्यांवर वाहून नेली, तीही अशीच. त्या मातीबरोबर काय गेलं हे मोजायला कुणी नव्हतं.

तिथे मोजायला काहीजण पुढे आले. 1970 च्या दशकात खंदकवाल्या जागांचा अभ्यास करणारा एक गट उभा राहिला. त्या लोकांनी रबरी बूट चढवून शेतं पायाखाली घातली, विमानातून काढलेले फोटो चाळले, एकेक चर कागदावर आणला. 1986 ला हा गट ओसाड पडलेल्या मध्ययुगीन गावांचा अभ्यास करणाऱ्या गटात मिसळला. आज सहा हजारांचा आकडा आपण सहज म्हणतो, त्यामागे ही पायपीट आहे.

त्यांनी दाखवून दिलं की खंदकाचा गाळ हा घराचा जमाखर्च आहे. जिथे पाणी सतत राहिलं तिथे हवा पोचत नाही, आणि हवा नाही तर कुजणं नाही. चामडं, लाकूड, बिया, किड्यांचे पंख, फुलांचे परागकण, शौचकुपातून पडलेलं, स्वयंपाकघरातून फेकलेलं, सगळं थरावर थर राहतं. कुठल्या वर्षी झाडी कमी झाली आणि गवत वाढलं, हेही त्यात असतं. कोरड्या जमिनीवरच्या घराचं यातलं फारसं काही मागे राहत नाही.

1979 चा कायदा आता कडक आहे. यादीत नोंदलेल्या जागेवर खणणं, भर टाकणं, बांधणं यांना शासनाची लेखी संमती लागते. धातूशोधक यंत्र घेऊन फिरायलाही परवाना लागतो. संमतीशिवाय हात लावला तर गुन्हा. त्यातला एक नियम मला फार आवडतो. ज्या घरात माणसं राहतात ते घर या यादीत घेता येत नाही. त्याची काळजी इमारतींच्या वेगळ्या यादीतून घेतली जाते. त्यामुळे जिथे जुन्या चौकावर आजही कुणाचं राहतं घर आहे, तिथल्या नोंदीत लिहिलेलं असतं की घर वगळलं आहे, पण घराखालची जमीन संरक्षित आहे. म्हणजे वर कुणीतरी भांडी घासतं आहे, मुलं दप्तरं टाकताहेत, आणि त्यांच्या फरशीखाली कायदा पहारा देतो आहे.

सगळ्या सहा हजार जागा या यादीत नाहीत. आणि ज्या आहेत त्यांनाही कागद पुरत नाही. झाडांची मुळं थर फोडतात, ससे आणि बॅजर बिळं करतात. आजूबाजूच्या शेतांचा निचरा खोल होत गेला की खंदक आटतो. पाणी उतरलं की हवा आत शिरते, आणि सातशे वर्षं थांबलेलं कुजणं सुरू होतं. याला कुणी गुन्हेगार नाही, त्यामुळे कुणाला नोटीस काढता येत नाही. मला सर्वांत जास्त धास्ती याचीच वाटते.

आज या. ऑगस्ट आहे, गहू निघाला आहे, धसकटांवर ऊन आहे. तुमच्या ओळखीचा चौकोन आता तीन बाजूंचा. चौथ्या बाजूला जमीन किंचित दबलेली, तेवढीच तिची खूण. गवतात तागाच्या रंगाची बी पिकली आहे. पुलाची बाजू मात्र बुलडोझरच्या तावडीतून सुटली होती, का ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. तिथे अजून पाणी आहे, हातभर, आणि त्याखाली काळा मऊ गाळ. काठावर बसून हात कोपरापर्यंत घालावासा वाटेल. घालू नका. तळतुळई त्याच्याही खूप खाली आहे, आणि तिसऱ्या सांध्याशी तीन रेघा आहेत. ती वर काढली, उन्हात ठेवली, तर काही दिवसांत चिरफळ्या होऊन फाटेल. तिला मुरवून जपायची प्रयोगशाळा आणि पैसा आज कुणाकडे तयार नाही, म्हणून ती तिथेच बरी.

पलीकडे ट्रॅक्टर धसकटं मोडत येतो आहे. नांगराचे फाळ चमकतात. तो सरळ तुमच्या दिशेने येतो, चराच्या काठापासून काही पावलांवर शेतकरी फाळ उचलतो, वळतो, आणि पुन्हा खाली टाकतो.